एकांडा गोली

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर वहाणांचे चार जोड ओळीनं मांडून ठेवले होते, आणि सिंधुबाई त्यांच्याकडे सवतीकडे बघावं तशी बघत होती.

चारही जोड कोरे करकरीत. तेल पाजून मऊ केलेले, टाचेला पितळी खिळे. दोन नंदुरबारच्या इंदरमल शेठचे, दोन नवापूरच्या जालमसिंगचे. शेठ एका पायरीवर गादी टाकून बसला होता. जालमसिंग चार हात सोडून मिशीला पीळ देत बसला होता. दोघांच्या नजरा तापीच्या पलीकडच्या काठाला चिकटलेल्या. तिकडून सिंधुबाईचा नवरा दोधू येणार होता, नंदुरबारहून सात-आठ कोस, वैशाखाच्या उन्हात, अनवाणी.

खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला लागतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. त्या दिवशी पहाटे गड्यानं जुन्या वहाणा मालकाच्या उंबऱ्यावर काढून ठेवल्या की तो मोकळा. मग दिवसभरात ज्याच्या नव्या वहाणांत त्याचा पाय पडेल, त्याचा तो वर्षभर. पाय पडला की गड्याला माघार नाही आणि मालकालाही नाही. दिवस बुडाला तरी पाय उघडाच राहिला, तर मात्र त्या गड्याला त्या साली कुणी विचारत नाही, आणि वर्षाचा दाणा गेला तो गेला.

ही रीत नांगर धरणाऱ्यांची. दोधू नांगर धरत नव्हता. तो इंदरमल शेठच्या पगारी फुटबॉल टीमचा गोली होता.

झालं होतं असं, की शेठच्या कापसाच्या जिनमध्ये यंत्र बसवायला आलेला एक साहेब जाताना चामड्याचा चेंडू विसरून गेला. आवारात पोरं तो तुडवायला लागली. शेठच्या ध्यानात आलं की चेंडू उडाला की रस्त्यावरच्या कापसाच्या गाड्या थांबतात, आणि थांबलेली गाडी तिथंच कापूस उतरवते. शेठनं लगेच टीम काढली. ते ऐकून जालमसिंगनंही काढली. त्याची लाकडाची वखार. चेंडू बघत बघत सागाचा सोट विकत घेणारं गिऱ्हाईक त्याला आजवर एकही भेटलं नव्हतं, पण इंदरमलकडे आहे म्हटल्यावर आपल्याकडे पाहिजेच.

आता पगारी खेळाडू ठेवायचा कसा, हे दोघांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी सालदाराची रीत लावली. दुसऱ्याच्या गड्याला वर्ष चालू असताना हात लावायचा नाही. आखाजीला मोकळा झाला की धरायचा. ही झाली रीत. पारख करायची बैलाची, कारण शेठला तेवढीच येत होती. तो खेळाडूचे दात बघायचा, गुडघे दाबायचा, पन्नास पावलं चालवायचा, डोक्यावरचे भोवरे मोजायचा. आणि घ्यायचे ते जोडीनं. एका उंचीचे, एका चालीचे दोन. शहाद्याकडचा एक गडी वाऱ्यासारखा पळायचा आणि डाव्या पायानं असा चेंडू हाणायचा की बघणाऱ्याचा फेटा पडावा. शेठनं त्याला परत पाठवलं. त्याच्याएवढाच दुसरा डावरा मिळेना, मग याला एकट्याला घेऊन काय करायचं?

अशानं टीममध्ये पाच जोड्या झाल्या आणि उरला एक गोली. एकांडा. शेठला ते मनातून फार लागायचं. एका बैलाची गाडी चालते कुठं? म्हणून दोधूला दाणा चार पायली कमी, आणि निजायला शेडच्या टोकाला कापसाच्या गाठींवर जागा. तरी त्याच्यासारखा गोली तापीच्या दोन्ही काठांना नव्हता. हात असे की सूप धरावं. गेल्या सालात चेंडू त्याच्या हातून तीनदाच सुटला, त्यातला एकदा कापसाचा कोंडा नाकात जाऊन शिंक आली म्हणून.

सिंधुबाईचं दुःख वेगळं होतं. जिनच्या शेडमध्ये बायकापोरांना बंदी होती. "अकरा गडी, अकरा बायका, आणि त्यांच्या बावीस आया," शेठ बोटं मोजून म्हणायचा, "टीम ठेवू का धर्मशाळा काढू?" नवापूरला जालमसिंगकडेही तेच. गेल्या आखाजीला दोधू गेला आणि पुढच्या महिन्यात छगनचा जन्म झाला. अकरा महिन्यांत बापानं पोराला तीनदा बघितलं. पहिल्या खेपेला छगन त्याला बघून रडला. दुसऱ्या खेपेला झोपून राहिला. तिसऱ्या खेपेला, होळीला, तो हसला, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाला, "मामा."

त्या दिवशी दोधूनं जेवणही धड केलं नाही. निघताना सिंधुबाईनं छगनच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून घेतला आणि म्हणाली, "यंदा ज्याना घरमा आपले तिन्हीसले जागा, त्यान्याच वहाना. नई ते उघडा पाय."

"उघडा पाय," दोधू म्हणाला.

म्हणून आज ती माहेरच्या घाटावर कडेवर छगनला घेऊन उभी होती. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या. मागं गावात निंबाला झोके बांधलेले, गाणी चाललेली. तिच्या मैत्रिणी दोनदा बोलावून गेल्या. ती हलली नाही.

तिची आई कौसाबाई रसासाठी आंबे पिळता पिळता तशीच हात पुसत घाटावर आली होती. "अवं पोरी, पैला दिसना तो जोड घाली ले, आसं सांग त्याले. वरीसभरना दाना शे."

"दाना घरमा आनि मानूस जिनमा? छगन त्याले मामा म्हनस, माय!"

"म्हनू दे. मामा काय वाईट ऱ्हास का?"

छगननं आपलं नाव ऐकलं आणि जालमसिंगकडे बोट करून म्हटलं, "मामा." मग शेठकडे बोट करून म्हटलं, "मामा." त्याचं सगळ्यांशी तेच नातं होतं. बोलण्यात तो असा पुढं, पण पाऊल मात्र अजून टाकत नव्हता. उभा केला की गुडघे मोडून बसायचा. त्याच्या वयाची शेजारची पोर अंगणभर पळत होती आणि कौसाबाईच्या जिवाला तो एक घोर होताच.

इतक्यात शेठचा मुनीम पितांबर घामाघूम होऊन नावेतून उतरला. तो पहाटेपासून दोधूच्या पुढं पुढं गाडी हाकत वाटेवर वहाणा मांडत आला होता.

"शेठ, काय सांगू! निंबखाले जोड ठेवा, तो निंबले वळसा घालीसन गया. इहिरवर ठेवा, तो पानी न पेता गया. देऊळना दारमा ठेवा, त्यानी बाहेरूनच हात जोडा."

"माणूस आहे का बगळा?" शेठ म्हणाला.

"पुढं ते आईका. त्याना पाय भाजनात, मंग त्यानी खाकरना, पळसना, पानं बांधात पायले. ते वावरवाला पयत उना. म्हने, पानं मन्हा झाडना, गडी मन्हा!"

जालमसिंग ताडकन उभा राहिला. "आनि? लई गया का त्याले?"

"नई ना. दोधूनी उभ्या उभ्या पानं सोडात, त्यान्या हातमा दिनात, आनि चालू लागना. तो वावरवाला आजून रडी ऱ्हायना. म्हने, मले गोली भेटी जाता."

सिंधुबाईनं पदर तोंडावर ओढला. हसू आलं म्हणून, आणि डोळे भरले म्हणूनही.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पलीकडच्या वाळूत एक ठिपका दिसला. तो ठिपका चालत नव्हता, उड्या मारत होता. वैशाखातली तापीची वाळू म्हणजे भाकरीचा तवा. दोधू डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्यांतून वेलींची सावली धरत, मध्येच एका फुटक्या डांगरात पाय बुडवून घटकाभर उभा राहत, पुन्हा उडी मारत आला. तिथंही जालमसिंगची माणसं वहाणा घेऊन बसली होती. त्यानं त्यांच्यावरून उडी मारली. नावेतही बसला नाही, नाव कुणाच्या भाड्याची असेल काय सांगावं! उन्हाळ्यात पाणी तसंही जेमतेम होतं. तो सरळ पाण्यात शिरला, कमरेएवढ्या पाण्यातून चालत घाटापाशी आला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. तिथून पुढं हलेना.

"ये जवाईबापू, वर ये!" कौसाबाईनं हाक मारली. "रस करेल शे!"

"आठेच बरं शे, मामी," दोधू म्हणाला. घाटाची पायरी तापलेली होती आणि पायरीवर वहाणा होत्या. पाणी गार होतं आणि पाणी कुणाचंच नव्हतं.

मग बोलणं सुरू झालं. दोन मालक पायरीवर, गडी पाण्यात, आणि बघायला अर्धं प्रकाशा. झोके सोडून लेकी आल्या, देवदर्शनाला आलेली माणसं ओल्या धोतरानं थांबली.

शेठ म्हणाला, "दोधू भाया, गेल्या सालाचा दाणा, वर दोन मण ज्वारी. एक घोंगडी. मॅच असेल त्या दिवशी पोळीवर तूप."

जालमसिंग म्हणाला, "दाना तेवढाच. घोंगडी दोन. सागना पलंग. आनि एक शेळी."

"शेळी कशाला?" शेठनं विचारलं.

"दूधले."

"गोलीनं शेळीकडे बघायचं का चेंडूकडे?"

"तुमना कापूसना कोंडा नाकमा जावापेक्षा शेळी बरी!"

दोधू दोघांचं ऐकून घेई आणि म्हणे, "मन्ही बायकोले इचारा."

परक्या पुरुषांशी समोरासमोर बोलायची सिंधुबाईची रीत नव्हती. तिनं पदर पुढं ओढला आणि आईकडे तोंड करून, पण पार पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय, दोन्हीसले सांग. घोंगडी नको, शेळी नको. आपले तिन्हीसले एक खोली."

"नियम आहे," शेठ म्हणाला.

"आमना बी शे," जालमसिंग म्हणाला. सकाळपासून दोघांचं जमलेलं ते तेवढंच.

"माय, शेठले इचार, बाकीना दहा गडी जोडीनं लेतस ना? मंग यानी जोडी मी शे. मले बी ल्या."

माणसं हसली. शेठ हसला नाही. जोडीचा विषय त्याच्या काळजाचा होता. "जोडी मैदानात लागते, बाई. बायको म्हणजे जोडी नव्हे. दात, चाल, भोवरा जुळायला हवा. मला याच्या जोडीचा मिळाला असता तर मी वर्षभर डोकं फोडून घेतलं असतं का?"

असं करता करता दुपार कलली. घाटावरच पानं मांडली गेली. शेठनं रस-पोळी खाल्ली, जालमसिंगनंही खाल्ली, दोधूला कौसाबाईनं पाण्यात उभ्या उभ्या वाटी दिली. ज्वारी चार मणांवर गेली. शेळीला करडू लागलं. पण खोलीचं नाव कुणी काढेना. दोधूची बोटं पाण्यानं सुरकुतून मनुक्यांसारखी झाली. सूर्य देवळाच्या कळसावर आला, मग कळसाच्या खाली उतरला.

कौसाबाई लेकीच्या कानाशी लागली. "पोरी, आते हट सोड. दिवस बुडी ऱ्हायना. एक साल. एक साल निघी जाई."

सिंधुबाईनं पाण्याकडे पाहिलं. दोधू तिच्याकडेच बघत होता. तिनं नुसती मान हलवली असती तरी तो निमूट चालत येऊन कुठल्याही वहाणांत शिरला असता आणि तिला कधी बोल लावला नसता. म्हणूनच तिला मान हलवता येईना. हात भरून आले होते. तिनं छगनला कडेवरून उतरवून पायरीवर ठेवलं, आणि पदरानं घाम पुसला.

पोराला पायरीवर बघून दोधूला राहवलं नाही. तो वाकला, दोन्ही हात फाकवून, गुडघे मोडून, चेंडू अडवायला उभा राहतो तसा. "ये," तो म्हणाला. "ये, छगन."

छगन उठून उभा राहिला.

कौसाबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. छगननं पाय फाकवले, हात फाकवले, अगदी समोरच्यासारखे, आणि एक पाऊल टाकलं. डुलला. दुसरं टाकलं. तिसरं पाऊल पडलं ते थेट इंदरमल शेठच्या डाव्या वहाणेत. वहाण मोठी, पाऊल एवढंसं. आत शिरून ते असं बसलं की पोरगं पहिल्यांदाच न डुलता ताठ उभं राहिलं आणि बापाकडे बघून ओरडलं, "मामा!"

जालमसिंगनं मांडीवर थाप मारली.

"पाय पडना! पाय पडना, शेठ! साल लागी गये!"

"काहीतरीच काय!" शेठ गादीवरून उठला. "दूधपितं पोर आहे ते!"

"मंग? रीतमा वय सांगेल शे का कोठे?" जालमसिंगला आनंदानं श्वास पुरेना. "वहाना तुमन्या. पाय त्याना. मालकले माघार नई! अर्धा गाव साक्षीले शे! नंदुरबारनी टीमले अकरा महिन्याना गोली!"

लोकांनी माना हलवल्या. रीत म्हणजे रीत. उद्या हीच सवलत दुसऱ्या कुणी मागितली तर? एक म्हातारा ओल्या धोतरानं पुढं आला आणि म्हणाला की शेठनं आता गडी नाकारला तर पुढच्या आखाजीला शेठच्या वहाणांत कुणी पाय घालणार नाही. शेठ मटकन बसला. मग व्यापारी माणूस, गळ्यात पडलंच आहे तर माल तरी तपासावा म्हणून म्हणाला, "पितांबर, बघ."

पितांबरनं छगनचं तोंड उघडलं. "चार दात, शेठ. वासरू शे." गुडघे दाबले. छगन खदखदून हसला. मग त्याचं टोपडं काढून बघितलं आणि पितांबर तसाच थांबला. "शेठ. दोन भोवरे."

"दोन?"

"दोन. उजवा आनि डावा."

शेठ हळूहळू उठला. त्यानं पाण्यातल्या दोधूकडे पाहिलं. दोधूच्या डोक्यावर दोन भोवरे होते. टीममध्ये, तालुक्यात, दोन भोवऱ्यांचा दुसरा गडी शोधून शेठ थकला होता. त्यानं पोराच्या फाकलेल्या पायांकडे पाहिलं, मग बापाच्या. पोराच्या पसरलेल्या हातांकडे, मग बापाच्या. त्याचा आवाज एकदम हळवा झाला.

"उंची कमी आहे," तो म्हणाला.

"वाढी ना ती," सिंधुबाई आईकडे तोंड करून म्हणाली. "माय, शेठले हाई बी सांग. त्याना गडी आजून दूध पेस. रातले तीन खेप. मी नई ते गडी नई. आनि गाठीसवर तो निजाव नई, त्याले शिंका येतीस."

शेठनं दीर्घ श्वास घेतला. "गाठी दाबायच्या प्रेसच्या मागं एक खोली आहे," तो म्हणाला. "पण एकांडा गडी मी घेत नाही. याची जोडी पुरी करून द्या."

तेव्हा कुठं जालमसिंगच्या डोक्यात उजेड पडला. "थांबा!" तो ओरडला. "शेठ, थांबा! दोधू, शेळी! दोन शेळ्या! खोली बी दिसू!"

पण दोधू पाण्यातून निघाला होता. दिवसभराचे भाजलेले, भिजलेले पाय घेऊन तो पायरी चढला, छगनच्या शेजारी उभा राहिला आणि उरलेल्या उजव्या वहाणेत त्यानं आपला उजवा पाय घातला. सूर्य तेव्हा अर्धा बुडाला होता. छगननं वर बघितलं, बापाच्या गुडघ्याला मिठी मारली. पुढचा शब्द ऐकायला दोधू वाकला. छगन म्हणाला, "मामा." दोधूला त्याचं काही वाटलं नाही. आता अख्खं साल होतं हातात.

एका गड्याला एक जोड अशी रीत असताना दोघांत एकच जोड का, यावर शेठ पुढं कधी बोलला नाही, आणि दोधूनंही मागितला नाही. त्या साली नंदुरबारचा गोली उजव्या पायात वहाण घालून आणि डावा पाय उघडा ठेवून खेळला.

छगन मात्र नेमलेला गडी. मॅचला त्याला मैदानात हजर ठेवणं आलं, नाहीतर फुकटचा दाणा खाल्ल्यासारखं झालं असतं, आणि ते सिंधुबाईला चालण्यासारखं नव्हतं. दुपारी चारला त्याची झोपेची वेळ. तिनं गोलच्या आडव्या लाकडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली, छगनला तीत घातलं आणि दोरी हातात धरून ती खांबामागं बसली. सुरतेच्या गाडीचा गार्ड पंच म्हणून शिट्टी वाजवायला यायचा. त्यानं झोळी बघून आपलं नियमांचं छापील पुस्तक पानन् पान चाळलं. झोळी बांधू नये असं त्यात कुठंच नव्हतं. शिट्टी तेवढी तो दूर जाऊन वाजवू लागला.

दिवाळीनंतर नवापूरची टीम आली. जालमसिंग स्वतः आला होता, सागाच्या खुर्चीवर बसायला. शेवटच्या घटकेला त्याचा मोहरा, सगळ्यांत पुढं खेळणारा गडी, सगळ्यांना चुकवत, चेंडू पायापुढं लोळवत एकटा सुटला. पाच जोड्या मागं राहिल्या. समोर फक्त एका वहाणेवर उभा असलेला दोधू, हात फाकवून, आणि त्याच्या डोक्यावर मंद हलणारी झोळी. जालमसिंग खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "मार! मार ना!"

मोहऱ्यानं पाय उचलला. मग त्याची नजर खांबामागं गेली. सिंधुबाई त्याच्याकडे बघत होती. त्यानं पाय खाली ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "निजना का?"

"आत्तेच डोया लागना त्याना," सिंधुबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली, चेंडू उचलून हातात घेतला आणि चवड्यांवर चालत मागं फिरला.